नंबर नसलेला चिमटा

मित्रांनो, चिमटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गॅसवर फुगणारा फुलका येत असेल. मी त्या घराण्यातला नाही. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, निघोज्याच्या बाजूला, मोटारींचे लहानमोठे पत्र्याचे भाग ठोकून काढणारी एक कंपनी आहे. तिथल्या प्रेस मशीनवर माझं सगळं आयुष्य गेलं. दिसायला मी लांबट, ओबडधोबड आहे आणि स्वभावाने जरा तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो. जे पाहिलं त्यानंतर गोड बोलणं मला जमत नाही.

माझा जन्म टूलरूममध्ये झाला. साचे दुरुस्त करायची ती खोली. कोंडाजी नावाचे एक जुने कारागीर तिथे काम करत. ते निघोज्याचेच, ज्या शिवारात त्यांनी लहानपणी गुरं राखली, त्याच शिवारात आता कंपनीची शेड उभी होती. एकदा एका पोरीचा हात मशीनमध्ये जाता जाता वाचला. कोंडाजी तडक टूलरूममध्ये आले, भंगारातून स्प्रिंगची एक पट्टी उचलली, तापवून मधोमध वाकवली आणि टोकांना पितळेचे जबडे लावले. पितळ मऊ असतं. मी चुकून साच्यात राहिलोच, तर साचा शाबूत राहावा आणि चेपायचं ते माझं तोंड चेपावं, असा त्यांचा हिशेब. मला त्याचा कधी राग आला नाही.

मला त्या पोरीच्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "आत हात घालायचा न्हाई. काय आत जायाचं आसंल तर ह्यो जाईल."

मशीन साधं होतं. खाली साचा, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, की वरचा जड ठोकळा धाडकन खाली येई आणि पत्र्याला आकार देई. तुकडा ठेवायचा मी, काढायचा मी. हात बाहेर. मला कुणी मागवलं नव्हतं, माझी कुठे नोंद नव्हती, पण वर्षानुवर्षं त्या मशीनवर कुणाचं नखसुद्धा गेलं नाही. बायका सुट्टीच्या वेळी मला ॲप्रनच्या खिशात घालून जेवायला जात, दुसऱ्या मशीनवरचं कुणी पळवू नये म्हणून. इतकी माझी किंमत होती.

पुढे ते मशीन वर्षालीकडे आलं. परभणीकडची, कंत्राटावर लागलेली, आई मंजुळाबाईबरोबर निघोज्यात एका खोलीत राहणारी. पहिले काही दिवस ती मशीनला इतकी भ्यायची की पेडल दाबण्याआधी मी बाहेर आहे ना, हे दोन-दोनदा बघे. मग तिला सराव झाला. भीती मात्र गेली नव्हती, आणि मला ते बरं वाटायचं. मशीनला भिणारा माणूस घरी धड परत जातो.

आणि मग कंपनीत लेव्हल आली.

लेव्हल म्हणजे काय, ते मी वर्षालीच्या खिशात बसून कॅन्टीनमध्ये ऐकलं. रविराज नावाचा तरुण क्वालिटी इंजिनिअर सगळ्यांना समजावून सांगत होता. "आपला माल चांगला आहे का, एवढंच बघायला ते मूल्यमापनवाले लोक येत नाहीत," तो म्हणाला. "माल चांगला निघतो तो कशामुळे, ते बघायला येतात. कोंडाजीमामा दिवाळीला रिटायर झाले आणि त्यानंतर कितीतरी दिवस आपला साचा नीट बसत नव्हता, आठवतंय? सगळं एका माणसाच्या डोक्यात असलं की कंपनी पहिल्या लेव्हलला. काम ठरवून केलं, तपासलं, की दुसरी. प्रत्येक कामाची पद्धत लिहून काढली आणि कुणीही मशीनवर बसलं तरी त्याच पद्धतीने काम झालं, की तिसरी. त्याच्या वर मोजमाप आणि सुधारणा. आपल्याला तिसरी पाहिजे. आपण जिला माल देतो त्या मोठ्या कंपनीने स्पष्ट सांगितलंय, तिसरी नसेल तर नव्या गाडीचं काम मिळणार नाही."

खरं सांगतो मित्रांनो, मला ते पटलं. कोंडाजींच्या डोक्यात जे होतं ते कागदावर आलं असतं, तर माझ्यासारखा एकेक चिमटा प्रत्येक मशीनवर आला असता. माझ्यासारख्या आडदांडालाही त्या दिवशी आशा वाटली.

बहुधा वर्षालीलाही तेच वाटलं. सभा संपल्यावर ती रविराजकडे गेली आणि मला पुढे केलं. "सर, मग ह्या चिमट्याचं बी लिवा ना. पीस चिमट्यानंच ठेवायचा म्हणून."

रविराजने मला उलटसुलट करून पाहिलं. "याचं ड्रॉइंग आहे का कुठे?"

"न्हाई सर. मामांनी केलता."

"ताई, हे लिहायचं तर ड्रॉइंग लागेल, नंबर लागेल, मंजुरी लागेल, सगळ्यांना ट्रेनिंग दिल्याची नोंद लागेल. त्यांची तपासणी तोंडावर आलीय. पुढच्या वेळी नक्की घेऊ." मग जरा ओशाळून तो म्हणाला, "आणि तोवर हा मशीनवर दिसता कामा नये. जे लिहिलेलं नाही ते मशीनवर सापडलं, तर आपलेच मार्क जातात."

पोरगा वाईट नव्हता. हे मी आजही म्हणतो, आणि म्हणूनच मला जास्त हताश वाटतं.

दुसऱ्या दिवशी मला लाल चिठ्ठी लागली. जी वस्तू जागेवर नको तिला लाल चिठ्ठी लावून जाळीच्या पेटीत टाकायचं, अशी रीत होती. पेटीत माझ्या शेजारी बायकांनी बसायला आणलेली उशी होती, मोडकं स्टूल होतं आणि देवाची तसबीर लटकवायचा एक हुक होता. तसबीर तेवढी ऑफिसात नेली होती. जाळीतून मला माझं मशीन समोर दिसायचं.

माझ्या जागी पडदा आला. खरं तर तो मशीनबरोबरच आलेला होता. मशीनच्या तोंडाशी दोन खांब, आणि त्यांच्यामधून डोळ्यांना न दिसणारे किरण. हात मध्ये आला की मशीन चालतच नाही. पण तो जराशा कारणाने मशीन अडवायचा, माल कमी निघायचा, म्हणून कित्येक वर्षं तो बंदच होता. त्याची किल्ली सुपरवायझर ज्योतीरामच्या खिशात असायची. लिहिलेल्या पद्धतीत मात्र पडदा होता, म्हणून आता तो चालू झाला.

सुरुवातीला बायकांनी त्याच्यात झाडूचा दांडा घालून पाहिला. मग फडकं. मग एकीने डोळे गच्च मिटून हात घातला आणि पाय पेडलवर दाबला. ठोकळा जागचा हलला नाही.

"थांबतंय की गं बाई," वर्षाली हसून म्हणाली. "शहाणं झालंय."

मी जाळीतून बघत होतो. चिमटा नाही, म्हणून पत्रा हाताने ठेवायचा. पडदा आहे, म्हणून ठेवताना पाय पेडलवरून काढायची गरज नाही. तुकडा वाकडा बसला की आत हात घालून सरळ करायचा. मूल्यमापनाची तारीख पुढे गेली आणि तालमीचे ते दिवस चांगले लांबले. माणसाचा हात फार लवकर शिकतो, आणि शिकलेलं विसरायला त्याला वेळ लागतो. वर्षालीच्या हाताला जी भीती मी इतकी वर्षं जपून ठेवली होती, ती माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली.

मूल्यमापन करणारे साहेब मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिले, मग थेट मशीनपाशी येऊन वर्षालीशी बोलले. तिने पद्धत घडाघडा सांगितली. मग त्यांनी शिकवलेल्या उत्तरांच्या बाहेरचा प्रश्न विचारला.

"पूर्वी इथे काम करताना भीती वाटायची?"

"वाटायची सर."

"आणि आता?"

"आता न्हाई वाटत."

ते प्रसन्न हसले आणि काहीतरी लिहून घेतलं. वर्षाली खोटं बोलली नव्हती.

तिसरी लेव्हल मिळाली. पेढे वाटले, गेटवर पाटी लागली. मालक कुलदीपशेठ यांनी भाषणात वर्षालीचं नाव घेतलं आणि तिला पर्मनंट करू असं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माझाही तिरसटपणा जरा वेळ पळाला.

लगेच नव्या गाडीचं काम आलं. खूप आलं. पडदा चालू ठेवून ते पुरं होणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. एका सकाळी ज्योतीरामने शिफ्ट सुरू होताना बायकांना गोळा केलं आणि म्हणाला, "आजपासून पडदा बंद करतोय. पहिल्यासारखं. हात सांभाळून, काय?" त्याने सांगितलं होतं, हे मी नाकारत नाही. पण पहिल्यासारखं म्हणजे कसं? पहिल्यासारखं असायला मी पेटीबाहेर असायला हवा होतो. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि वर्षाली त्या घोळक्यात नव्हती. तिला वर ऑफिसात बोलावलं होतं. नोटीस बोर्डासाठी प्रमाणपत्र हातात धरून तिचा फोटो काढायचा होता. ती खाली आली तेव्हा सगळ्या आपापल्या मशीनवर बसल्या होत्या आणि ज्योतीराम फोनवर ट्रकवाल्याशी भांडत होता. तिने केस सारखे केले, ॲप्रन बांधला आणि कामाला बसली.

थोडे तुकडे नीट निघाले. मग एक वाकडा बसला.

मित्रांनो, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि मला सांगवणारही नाही. पितळेचे जबडे चेपायला तयार असलेला मी समोरच्या पेटीत चिठ्ठी लावून पडलो होतो, एवढं कळलं तरी पुरे. रविराज धावत आला, अंगातला शर्ट काढून त्याने तिचा हात गुंडाळला आणि स्वतः गाडीत घालून इस्पितळात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

अपघाताचं कारण शोधायलाही एक लिहिलेली पद्धत होती. का, असं पुन्हा पुन्हा विचारत मुळाशी जायचं. मशीनपाशीच उभं राहून ते झालं. हात का चेंगरला? मशीनमध्ये होता. का होता? ऑपरेटरने घातला. तिथे कुलदीपशेठनी रविराजला थांबवलं.

"सर, पडदा बंद होता," रविराज हळूच म्हणाला.

"ते लिहिलंस तर लेव्हल जाईल. लेव्हल गेली तर काम जाईल. मग इथल्या सगळ्या बायकांच्या घरी जाऊन तू सांगणार आहेस का?" शेठच्या आवाजात राग नव्हता, ते थकलेले वाटत होते.

रविराजने पेनचं टोपण काढलं. मग त्याने 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलं.

खाली उपाय लिहावा लागतो. तेव्हा त्याला माझी आठवण झाली. पेटीत वाकून त्याने मला काढलं, चिठ्ठी फाडली, आणि पट्टी लावून तो माझी लांबी मोजायला लागला. पुढच्या काही दिवसांत माझं ड्रॉइंग झालं, मंजुरी झाली, कुशीवर नंबर ठोकला गेला. मला पिवळा रंग देऊन मशीनशेजारी बोर्डावर टांगलं आणि माझ्याभोवती माझ्याच आकाराची काळी रेघ आखली. वर्षालीने मागितलं होतं ते सगळं मला मिळालं.

बरी होऊन ती परत आली तेव्हा गेटवरच्या हजेरीच्या यंत्राने तिला ओळखलं नाही. त्याला तिचं जे बोट माहीत होतं ते आता नव्हतं. डाव्या हाताची नव्याने नोंद करावी लागली. पर्मनंट करण्याचा विषय कुणी काढला नाही, तिनेही विचारलं नाही. तिला तुकडे निवडायच्या टेबलावर बसवलं. तिच्या मशीनवर आता करिष्मा नावाची नवी मुलगी आहे. ती पत्रा हाताने ठेवते.

काल वर्षालीला ते बघवलं नाही. ती उठून आली, डाव्या हाताने मला बोर्डावरून काढलं आणि करिष्मापुढे धरलं. "हे घे. ह्यानं ठेव."

"नको ताई," करिष्मा म्हणाली. "त्याचा रंग उडतो म्हणून सर ओरडतात. आणि पडदा आहे की."

"पडदा चालू हाय का बघितलंस?"

"लेव्हल आहे ना आपली. असणारच."

तेवढ्यात ज्योतीराम आला. त्याने वर्षालीच्या हातातून मला अलगद काढून घेतलं, फडक्याने पुसलं आणि रेघेत नीट बसवलं. "उद्या व्हिजिट आहे, ताई. तुम्ही तुमच्या टेबलावर बसा," तो म्हणाला. तिच्या हाताकडे त्याने पाहिलं नाही.

मुलांनो, शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागतो. तुमची आई किंवा बाबा कंपनीत जात असतील, तर ते घरी आल्यावर कंपनीची लेव्हल विचारू नका. आज कामावर काय बंद करून ठेवलं होतं, ते विचारा. आणि मोठे झाल्यावर तुमच्याच हातात अशी एखादी किल्ली आली, तर ती फिरवण्याआधी आपली सगळी माणसं समोर उभी आहेत का, ते मोजा. तुम्ही ऐकाल असं मला फारसं वाटत नाही. रविराजही एकेकाळी शहाणा मुलगाच असणार.

करिष्माचं मशीन सुरू आहे. मी तिच्या हाताला सहज येईन इतक्या जवळ टांगलेला आहे. पलीकडच्या टेबलावर वर्षाली तुकडे निवडते, आणि ठोकळा खाली येतो तेव्हा दर वेळी डोळे मिटून घेते.