पिवळी खूण

माझी ताई उंच उडी शिकली ती कपडे वाळत घालायच्या दोरीवर.

आमच्या आत्याची लाँड्री होती. पुढे रस्त्याकडे काउंटर, त्यामागे इस्त्रीची टेबलं, मग वाफेने सदा ओली असलेली धुण्याची खोली आणि सगळ्यात मागे वाळवणाचं अंगण. अंगणात लोखंडी खांब रोवलेले आणि खांबांना दोऱ्या ताणलेल्या. दवाखान्याच्या ओल्या चादरी पडल्या की दोरीला पोट सुटायचं आणि चादर जमिनीवर लोळायला बघायची. मग ज्याला आधी दिसेल तो ओरडायचा, "टेकू!" आणि जो जवळ असेल त्याने हातातलं काम टाकून, टोकाला बेचकं असलेली लांब काठी दोरीच्या मधोमध लावून ती वर उचलायची. जेवताना, भांडताना, आत्या गिऱ्हाइकाशी गोड बोलत असताना, कधीही ही हाक यायची. आज इतकी वर्षं झाली, पण कुणी मोठ्याने टेकू म्हटलं तर माझे हात आपोआप वर जातील.

आईवडील गेल्यावर आम्हा दोघी बहिणींना आत्याने वाढवलं. ताई माझ्याहून बरीच मोठी. मला सगळे चिमटी म्हणायचे, कारण वाळत घालताना कपड्यांचे चिमटे मी ओठांत धरून फिरायचे. तेवढाच वेळ ही गप्प असते, असं ताई म्हणायची.

ताईला मैदानाचं वेड शाळेपासून होतं. शाळा सुटली, वेड राहिलं. त्या वर्षी तिने मोठ्या स्पर्धेत नाव दिलं होतं. एकाच दिवसात पाच प्रकार: अडथळ्यांची शर्यत, गोळाफेक, उंच उडी, लांब उडी आणि शेवटी धावण्याची शर्यत. पाचांचे गुण एकत्र मोजायचे आणि पहिल्या तिघींना वर्षभराच्या शिबिराला न्यायचं. राहणं, खाणं, शिकवणं सगळं तिकडेच. पुढच्या वर्षी ताई वयात बसणार नव्हती.

आत्याने इस्त्रीच्या टेबलावर ओणवं होऊन, ताईकडे न बघता आपली अट सांगितली.

"पहिल्या तिघींत आलीस तर जा. मी आडवी येणार नाही. नाही आलीस तर मात्र पुन्हा मैदानाचं नाव काढायचं नाही. पहाटे तिकडे, दुपारी इकडे, असं अर्धं माणूस मला नको. पूर्ण हवं."

"चालेल," ताई म्हणाली.

"रडायचं नाही मग."

"मी कधी रडले?"

आत्या वाईट नव्हती. धुण्याच्या खोलीतली गाठोडी उचलायला ताईइतकं दणकट दुसरं कुणी नव्हतंच.

ताईचे शिक्षक म्हणजे आमचे इस्त्रीकाका. नात्याने कुणी नव्हते, पण आत्याच्या लग्नाच्याही आधीपासून त्याच टेबलामागे उभे होते. तरुणपणी आपण फार उड्या मारायचो असं ते सांगायचे. त्यावर आत्या म्हणायची, "अजून मारता की. तोंडाने." पण काकांनी ताईची तयारी मनापासून करून घेतली. कपडे वाळवायच्या लाकडी घोड्यांचे अडथळे केले. उंच उडीसाठी एक मोकळी दोरी घेतली, टेप लावून खांबावर उंची मोजली आणि दुकानाच्या पाटीचा उरलेला पिवळा रंग घेऊन दोन्ही खांबांवर एकेक पट्टा ओढला. ही पिवळी खूण म्हणजे आमची उंची. ती पार केली की पहिल्या तिघींत नक्की, असा काकांचा हिशेब. दोरी खुणेला बांधायची, पलीकडे मळक्या कपड्यांची गाठोडी रचायची आणि टेकू काढून भिंतीला लावून ठेवायचा, नाहीतर ताई त्याच्यावरच आदळली असती. ताई पळत यायची, पाय कात्रीसारखे उचलायची आणि पलीकडे गाठोड्यांवर पडायची. कधी मांडी घासून दोरी झुलायची. "हलली, पण पडली नाही," काका म्हणायचे. दोरी कशी पडेल, ती तर बांधलेली.

स्पर्धेच्या दिवशी आत्याने लाँड्रीला कुलूप लावलं. "आज गिऱ्हाईक नाही फारसं," ती म्हणाली. गिऱ्हाईक होतं. कुलूप लावताना दोघं उभे होते, त्यांना तिने उद्या यायला सांगितलं.

अडथळ्यांची शर्यत चांगली झाली, पण शेवटच्या अडथळ्यावर ताईची मांडी धरली. ती शर्यत संपवून लंगडत बाजूला आली आणि तिने मांडीवर कापडाची पट्टी करकचून बांधली. गोळाफेकीत तिने सगळ्यांना मागे टाकलं. ओली गाठोडी भिरकावणाऱ्या हाताला तो गोळा म्हणजे काहीच नव्हता. दोन प्रकारांनंतर ती दुसरी होती. आत्या पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "दुसरी म्हणजे तिघींत," ती स्वतःशीच म्हणाली. तिला बरं वाटलं की वाईट, ते तिच्या आवाजावरून कळेना.

उंच उडीच्या आधी ताई कठड्यापाशी आली. काका वाकून बोलू लागले.

"पाय कसा आहे?"

"ओढतोय."

"मग खालच्या उंचीवर तो दमवू नकोस. एकदम आपल्या खुणेपासून सुरू कर. ती तर तू झोपेत मारतेस."

"नक्की ना, काका?"

"रोज मारतेस. मी काय डोळे मिटून उभा असतो?"

ताईने पंचांना जाऊन तसं सांगितलं. नियम असा की उडी कुठल्या उंचीपासून सुरू करायची ते खेळाडूने ठरवायचं. पण एकदा ठरवलं की खाली येता येत नाही. इथे दोरी नव्हती, दोन खांबांवर नुसती टेकवलेली दांडी होती. तीन संधी. तिन्ही वेळा दांडी पडली तर उंच उडीचे गुण शून्य.

बाकीच्या मुली खालच्या उंचीवर उड्या मारत होत्या, तोवर ताई टॉवेल पांघरून बसून राहिली. दांडी चढत गेली. निम्म्या मुली गळल्या. मग ताईचं नाव पुकारलं.

पहिली उडी तिने अगदी अंगणातल्यासारखी मारली. सहज, पाय राखून. तिची मांडी दांडीला लागली आणि दांडी तिच्या आधी वाळूत पडली.

"अंग गार पडलंय तिचं. बसून बसून," काका म्हणाले.

दुसरी उडीही तशीच. दांडी तशीच पडली. ताई वाळूतून उठून दांडीकडे बघत राहिली, जणू दांडीच काही उलट बोलली होती.

काकांनी कठडा घट्ट धरला. तेव्हा मला भीती वाटली.

"आता किती राहिल्या?" आत्याने विचारलं.

"एक."

"आणि तीही पडली तर?"

"तर संपलंच, आत्या. पुढे कितीही पळाली तरी भरून निघायचं नाही."

आत्याने हातातला रुमाल मांडीवर पसरला, चारी टोकं जुळवली, घडी घातली आणि परत उलगडला.

दोनदा पडल्यामुळे पंचांनी दांडीची उंची पुन्हा तपासायला घेतली. एक पंच मोजपट्टीची उभी काठी घेऊन आला. मला वाटलं, हा आता खांबापाशी जाईल. तो गेला नाही. काठी त्याने दांडीच्या बरोबर मध्याखाली उभी केली, वाकून बघितलं आणि मान डोलावली.

मी काकांची बाही ओढली.

"काका, आपण उंची कुठे मोजली होती?"

"खांबाला. खूण काय हवेत करू?"

"आणि मधे?"

काकांनी दांडीकडे बघितलं. या माणसाने सगळा जन्म त्या दोऱ्यांखालून वाकून जाण्यात काढला होता. चादर इस्त्रीखाली करपली की व्हायचा, तसा त्यांचा चेहरा झाला.

"पोट," ते म्हणाले.

कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. दोरी कितीही ताणा, मधे खाली येणारच. म्हणून तर आम्ही दिवसभर तिला टेकू लावत होतो, आणि तोच टेकू काढून ठेवून ताई इतके महिने दोरीच्या मधोमध उड्या मारत होती. जी उंची तिला झोपेत जमते असं आम्ही समजत होतो, ती तिने कधी पार केलीच नव्हती. आणि आता ती सोपी समजून, पाय राखून, तिसऱ्यांदा तीच उडी मारायला निघाली होती.

"तिला सांगायला हवं," काका उठले. पण मैदानात जायच्या फाटकावर माणूस उभा होता आणि ताईचं नाव पुकारून झालं होतं. ती धाव सुरू करायच्या जागी जाऊन उभी राहिली. लांबून एवढं सगळं कसं सांगणार? मी कठड्यावर चढले आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओरडले.

"टेकूऽ!"

माणसं वळून बघू लागली. कुणीतरी हसलं. ताईची मान मात्र तिला कळायच्या आत वर गेली होती. घरी जायची तशीच, थेट मधोमध. दांडी सरळ होती. तिथे कसलंही पोट नव्हतं. ताई दांडीकडे बघत राहिली, मग तिने आमच्याकडे बघितलं. तिला अजून पुरतं उमगलं नव्हतं.

तेव्हा माझ्या शेजारी आत्या उठून उभी राहिली. मांडीवरची पिशवी खाली पडली. आत्याने दोन्ही हात एकावर एक धरून, काठी लावून दोरी उचलावी तसे डोक्याच्या वर नेले. आणि तसेच धरून ठेवले.

ताई दांडीपाशी चालत गेली आणि तिच्या मध्यासमोर उभी राहिली. अंगणात दोरी तिच्या काखेपाशी यायची. इथे दांडी खांद्याला येत होती. पंचांनी घड्याळ दाखवून तिला घाई करायला सांगितलं. तिने मान हलवली. मग ती मागे गेली, आपल्या नेहमीच्या जागेच्याही बरीच मागे. तिने मांडीची पट्टी सोडून गवतात टाकली.

ती धावली तेव्हा तिला लंगडायला वेळच नव्हता. उडी घेताना तिच्या तोंडून आवाज निघाला, भरलेलं गाठोडं खांद्यावर घेताना निघतो तसा. पुढचा पाय गेला, अंग गेलं, मागच्या पायाची टाच दांडीला घासली. दांडी थरथरली. ताई वाळूत पडली आणि तशीच पडून वर बघत राहिली. दांडी हलली, पण पडली नाही.

पंचाने पांढरं निशाण वर केलं. काकांनी खाली पडलेली पिशवी उचलली. आत्याचे हात अजून वरच होते. "अगं आत्या, खाली घे," मी म्हणाले, तेव्हा तिने घेतले.

पुढच्या उंचीला ताईने नकार दिला. लांब उडी तिने त्या पायावर एकदाच मारली. शेवटची शर्यत ती कशी धावली, ते मी पुरतं बघितलंच नाही. अर्धा वेळ माझं तोंड काकांच्या बाहीत होतं. फळ्यावर गुण लिहून झाले, पण आत्याने चष्मा आणला नव्हता.

"वाच," ती म्हणाली.

"तिसरी."

आत्या जरा वेळ फळ्याकडेच बघत राहिली, जणू तिला ते दिसत होतं. "बरं," ती म्हणाली. "म्हणजे आता मला माणूस शोधायला हवं." पण घरी जाताना ताईची बॅग तिने कुणाला घेऊ दिली नाही.

पाय बरा झाल्यावर ताई शिबिराला गेली. त्या दिवशी काकांनी रंगाचा डबा उघडून खांबांवर जुन्या पट्ट्याच्या वर नवा पिवळा पट्टा ओढला आणि दोरी बांधून या वेळी मधोमध टेप लावला. "आता बरोबर आहे," ते म्हणाले. उडी मारायला कुणी नव्हतं. तरी त्यांनी पुन्हा एकदा मोजलं.

दुपारी चादरींच्या घड्या घालायच्या होत्या. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने. ते काम नेहमी ताई आणि आत्या करायच्या. मी ताईच्या जागी जाऊन उभी राहिले. माझे हात तिच्याएवढे लांब नव्हते, त्यामुळे चादर मधे झोल खाऊन फरशीला लागली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. आत्या चादरीच्या पलीकडून माझ्याकडे बघत होती.

"टेकू," ती हळूच म्हणाली.

मी हात वर केले.