भांडण माझं आहे

ठाकुर्लीच्या चाळीत माझं आणि जोसफिनचं भांडण अकरा वर्षं चाललेलं. साऱ्या गल्लीला ठाऊक. तिची खोली माझ्या खोलीला लागून. मे महिना आला की बाई उखळ बाहेर काढायची आणि वर्षाचा मसाला कांडायला बसायची. धम धम धम! ठसक्याने मी बेजार. मग मी दारातून तिचा उद्धार करायची, आणि ती मुसळ न थांबवता माझा.

त्रेपन्न सालच्या मे महिन्यात चाळीचा मालक राघो माझ्या नावाने लिहिलेला तक्रारीचा कागद घेऊन आला. जोसफिनचा नवरा अँब्रोज नुकताच वारलेला. बाई एकटी दिसली तशी राघोला ती खोली जावयासाठी हवी झाली. पण कायदा आडवा आला. शेजाऱ्याने त्रासाची तक्रार दिली, तरच कोर्ट तिला बाहेर काढणार.

राघोने वाचलं, "'ही बाई माझा जीव घेते. हिचं उखळ खाडीत फेका.' मावशी, तुझेच शब्द ना?"

"माझेच. 'मेली' पण म्हटलेलं, ते राहिलं."

राघो खूश. त्याने माझा अंगठा शाईत दाबला. जोसफिन मुसळ धरून दारात उखळापाशी उभी. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती गप्प झालेली, आणि ते मला सोसेना. मिठागरावर काम करता करता माझा नवरा गेला, तेव्हापासून तोंडाला तोंड देणारी ही एकटीच. हिला घालवून मी काय भिंतीशी भांडू?

मी हात हिसडला. "राघो, भांडण माझं आहे. तुला कोणी बोलावलं?"

"पण तक्रार..."

"ती मी तिच्या तोंडावर केली, तिने ऐकली. झालं!"

राघो तापला. "मग ऐक. या चाळीत जी जी मसाला कांडेल, तिला बाहेर काढीन. तू असलीस तरी!"

"अस्सं?" मी जोसफिनच्या हातातून मुसळ ओढलं आणि तिच्या उखळात दणादणा कांडायला लागले. मुसळावर शाईचा अंगठा उमटला. "लिही, मेल्या! आवडाबाई पण कांडते! काढ दोघींना!"

लगेच मला ठसका लागला. मिरची उडाली, धणे सांडले.

"अगं ए म्हातारे!" जोसफिन कडाडली. "मसाला आहे तो, मीठ फोडतेस काय? सगळी माती केलीस!"

बोलली मेली! माझा जीव भांड्यात पडला. राघोला बाजूला सारलं, पदर खोचला आणि तिला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं.