जड हात

प्रयोगशाळेत तिचं नाव हातोडी पडलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून दोन काचेच्या नळ्या फुटल्या, एवढंच निमित्त. कोणी वाईट मनाने ठेवलं नव्हतं, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. हजेरी घेताना मॅडम तेवढं खरं नाव घ्यायच्या. बाकी दिवसभर "हातोडी, दार लाव", "हातोडी, रॅक इकडे सरकव" असंच चालायचं. तीही हसून ओ द्यायची. दुसरं काय करणार?

विज्ञानाची पदवी घेऊन ती बरेच दिवस घरी बसली होती. जाईल तिथे एकच प्रश्न, अनुभव आहे का? अरे, कोणी कामाला लावल्याशिवाय अनुभव काय आकाशातून पडतो? शेवटी या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतला, पदवीनंतरचा प्रमाणपत्राचा कोर्स तिला मिळाला. वर्षभर शिकायचं, प्रमाणपत्र हातात पडलं की कुठल्याही लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून ताठ मानेने उभं राहायचं. लेखी परीक्षेत ती सगळ्यांच्या पुढे होती. घोडं अडलं ते रक्ताच्या एका थेंबापाशी.

काचेच्या पट्टीवर एका टोकाला रक्ताचा थेंब ठेवायचा, दुसऱ्या पट्टीची कड त्याला तिरकी टेकवायची आणि एका दमात पुढे न्यायची. थेंब पातळ पसरतो. तो वाळवायचा, त्यावर रंग चढवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. ऐकायला सोपं आहे, करून बघा म्हणजे कळेल. हात थरथरला तर रक्ताच्या लाटा उठतात. जास्त दाबला तर पांढऱ्या पेशी फुटतात, आणि गोल पेशीच्या जागी नुसता फिसकटलेला जांभळा डाग उरतो. हिच्या स्लाइडवर जिथे बघावं तिथे ते डाग.

"चेंगरल्यास पुन्हा," मॅडम म्हणायच्या. "किती दाबतेस गं? रक्त आहे ते, इस्त्रीचे कपडे नाहीत."

मॅडम कडक होत्या, पण आतल्या गाठीच्या नव्हत्या. त्यांचा एक नियम होता, पेशंटचं रक्त शिकाऊंच्या हाती द्यायचं नाही. सराव एकमेकांच्या रक्तावर करायचा, नाहीतर घरून कोणाचं तरी आणायचं. आणि सरावाच्या स्लाइडवर नाव घालायचं ते स्लाइड ओढणाऱ्याचं. हात कोणाचा, एवढंच त्यांना बघायचं असे. रक्त कोणाचं, याच्याशी कोणालाच देणंघेणं नव्हतं.

सुई टोचायला शिकल्यावर बाकीच्यांनी जोड्या लावल्या. हिच्या वाट्याला कोणी येईना. "हातोडीच्या ताब्यात हात देऊ? वेड लागलंय का मला?" असं शेजारच्या टेबलावरच्या उंच मुलीने तोंडावर सांगितलं. त्या मुलीला सगळे जिराफ म्हणायचे. त्या दिवशी हातोडी घरी आली ती रडवेली होऊन.

घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा रंगारी होते. लोकांची घरं रंगवून रंगवून त्यांच्या नखांच्या कडांत कायमचा पांढरा रंग बसला होता. त्यांनी लेकीचं सगळं ऐकून घेतलं आणि शर्टाची बाही वर सारली.

"घे. माझं काढ."

"बाबा, दुखेल."

"शिडीवरून तीनदा पडलोय मी. तुझ्या सुईला घाबरू होय? काढ गं, माजलंय ते रक्त."

तेव्हापासून तो परिपाठच झाला. सकाळी चहाच्या आधी बाबा खुर्चीत बसायचे, बाही वर. ती पट्टा बांधायची, जांभळ्या टोपणाची नळी भरून घ्यायची. सुई तिला फार लवकर जमली. बाबा मुद्दाम "मेलो, मेलो" म्हणून ओरडायचे आणि शेजारीण खिडकीतून डोकावली की गप्प व्हायचे. हसून हसून दोघांची पुरेवाट व्हायची.

पण स्लाइड तशीच. मॅडम म्हणाल्या, नळी रस्त्यात हिंदकळत असेल, रक्त शिळं होत असेल. म्हणून ती स्वयंपाकघरातल्या टेबलावरच ताज्या रक्ताच्या स्लाइड ओढायला लागली. डाग तसेच. मॅडम म्हणाल्या, पट्टीची कड खडबडीत असेल. तिने पट्टी बदलली. डाग तसेच. मग एकच कारण शिल्लक राहिलं, आणि ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. हिचा हात जड.

"असा नाही, बाळ," बाबा तिच्या मागे उभे राहून सांगायचे. "मनगट सैल सोड. भिंतीवर ब्रश फिरवतो ना, तसं. तू ढकलू नकोस, तो आपण होऊन जातो." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून कितीतरी स्लाइड ओढून घेतल्या. टोकाकडे निमुळती होत गेलेली, डोळ्यांना सुंदर दिसणारी रक्ताची फिल्म. मायक्रोस्कोपखाली मात्र तोच सत्यानाश.

रोज संध्याकाळी ती दारातून आत आली की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "काय गं, आज कशी आली काच?"

"पेशी फुटल्या, बाबा."

"येईल, येईल. उद्या पुन्हा घे."

या सगळ्यात बाबा वाळत चालले होते. कॉलर सैल झाली. दुपारी काम अर्ध्यावर टाकून ते घरी यायला लागले. सकाळी उशी घामाने ओली. गळ्याशी एका बाजूला गाठ आली होती, ती म्हणे खांद्यावर शिडी वाहून. ती डॉक्टरकडे चला म्हणाली की ते थट्टेवर न्यायचे. "रोज बाटलीभर रक्त काढतेस आणि वर विचारतेस बाबा थकले का!" नळीत जेमतेम चमचाभर मावतं हे दोघांनाही माहीत होतं. पण ती मनातून ओशाळायची आणि विषय तिथेच मिटायचा. माणूस विषय मिटवायला किती हुशार असतो बघा.

स्लाइडच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली. नियम असा होता की दुसऱ्यांदा नापास झालं तर नाव कमी. प्रमाणपत्र नाही, काही नाही, वर्ष पाण्यात. दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी बाबा उठलेच नाहीत. अंगात ताप फणफणत होता. तरी पांघरुणातून त्यांनी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "घे ना, उशीर होईल तुला."

तिला ते करवलं नाही. तिने हात पुन्हा आत सरकवला, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि रिकाम्या हाताने लॅबमध्ये गेली. जिराफने तिचं तोंड बघितलं, काय झालं ते विचारलं, आणि पुढ्यात स्टूल ओढून बसली.

"टोच. पण मेले तर भूत होऊन छळेन."

सुई कधी गेली ते जिराफला कळलं नाही. हातोडीने थेंब ठेवला, मनगट सैल सोडलं, स्लाइड ओढली. वाळवली, रंगवली. मॅडम मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या त्या बसल्याच.

"एकही नाही," मॅडम म्हणाल्या. मग मान वर करून खरंखुरं हसल्या. "अगं, एकही फुटलेली नाही! काय जादू केलीस? पुस्तकात छापावी अशी आलीय."

सगळ्यांनी टेबलं वाजवली. जिराफने तिला उचलून गरागरा फिरवलं. हातोडी हसत होती, डोळे पुसत होती, बाबांना कधी सांगते असं तिला झालं होतं. आज विचारतील, कशी आली काच, आणि ती म्हणेल, छान आली, बाबा.

आणि तिथेच ती थांबली.

हात तोच. पट्टी तीच. मनगट कालच्यासारखंच सैल. बदललं होतं ते फक्त रक्त.

तिने आपली सरावाची पेटी उघडली. कालची स्लाइड काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. आतापर्यंत या स्लाइडवर सगळ्यांनी फुटलेल्याच पेशी बघितल्या होत्या. न फुटलेल्यांकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. पेशी ओळखायचा धडा मधल्या काळात झाला होता, आणि आज तिने पहिल्यांदा त्या नीट बघितल्या. लहान, काळसर, गोल. एका डबीतली बटणं असावीत तशा सगळ्या एकसारख्या. आणि किती! पाच जातींच्या पांढऱ्या पेशी दिसायला हव्यात, तिथे तीच एक जात, पुन्हा पुन्हा, जागा सरकवावी तिथे तीच.

"मॅडम, जरा बघता?"

मॅडम अजून हसतच आल्या. डोळे लावले आणि त्यांचं हसू मावळलं. "हा कुठल्या वॉर्डातला पेशंट? ही स्लाइड इथे कशी आली? रक्ताचा कॅन्सर आहे हा. या पेशी नाजूक असतात, कोणीही ओढली तरी फुटणारच." असं म्हणून त्यांनी स्लाइड काढून वरचं नाव वाचलं. वर हातोडीचं नाव होतं.

"बाबांचं रक्त आहे," ती म्हणाली.

मॅडमनी पेटी जवळ ओढली. पेटीतली सगळ्यात जुनी स्लाइड काढून बघितली, तिच्यातही तेच होतं. "मी दर वेळी बघितलं गं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. "मी तुझा हात बघत बसले."

मोठ्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासला आणि काही लपवलं नाही. हा आजार बहुतेकांत हळू चालतो, वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं. पण बाबांच्यात तो मध्येच उलटला होता, फार जोरात. आधी कळलं असतं तर? तिने विचारलंच. ते म्हणाले, "तेव्हा लक्ष ठेवलं असतं. उलटला तेव्हाच पकडता आला असता, कदाचित." त्या कदाचितने तिचं काळीज चिरलं. रोज सकाळी हातात धरून बघितलं होतं तिने ते रक्त. जगात दुसऱ्या कोणी इतकं बघितलं नव्हतं.

बाबांना तिनेच सांगितलं. बोलता बोलता कोसळली, त्यांच्या पांघरुणात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. "तो आजार माझ्या नावावर लपून बसला होता, बाबा. मला वाटलं, मीच फोडते."

बाबा बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. "म्हणजे... तुझा हात जड नव्हता?"

"नव्हता."

"बघ!" ते कोपरावर उठून बसले, चेहरा उजळलेला. "मी सांगत नव्हतो? माझ्या पोरीचा हात जड कसा असेल? त्या मॅडमना सांग म्हणावं!" आणि ते हसले, इतके मनापासून की तिला तिथे बसवेना. ती पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेली.

औषधं सुरू झाली, कडक. वॉर्डात रोज सकाळी रक्त घ्यायला लागायचं आणि बाबांच्या शिरा सुया खाऊन खाऊन रुसल्या होत्या. त्यांनी हट्टच धरला, माझी मुलगी काढेल, नाहीतर कोणी नाही. नर्स आधी चिडली, मग तिनेच बाजूला होऊन जागा दिली. सकाळी बाही वर, पट्टा, जांभळं टोपण. बाबांना आता मेलो मेलो म्हणवत नव्हतं. "काढलंस? कळलंसुद्धा नाही," एवढंच म्हणायचे.

एका सकाळी त्यांना पुन्हा ताप चढला. तिने रक्त घेतलं, खाली आणलं, स्वतःच स्लाइड ओढली. आता काचेवर बाबांचं नाव असायचं. मॅडम रजेवर होत्या. त्यांच्या जागी दुसऱ्या लॅबमधून आलेले एक सर बसले होते. त्यांनी पेशी मोजणाऱ्या मशीनचा आकडा बघायच्या आधी सहज स्लाइडवर नजर टाकली.

"स्लाइड कोणी ओढली? छान. फुटलेली एक पेशी नाही."

तिने डोळे लावले. लाल पेशी नीट पसरलेल्या, कडा सरळ, रंग बरोबर. मध्ये कुठेच डाग नव्हता. गोल काळसर पेशीही नव्हत्या. ती जागा सरकवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पांढरी पेशी म्हणून दिसेना. औषधांनी वाईट नेलं आणि त्याच्याबरोबर चांगलंही धुऊन नेलं. तापाशी लढायला त्या अंगात कोणी उरलं नव्हतं. सरांना मशीनचा आकडा मिळाला तेव्हा त्यांनीही मान वर केली आणि वॉर्डात फोन लावला.

ती वर गेली. डॉक्टर नर्सशी हळू आवाजात बोलत होते. तिला बघून त्यांनी वाट दिली. बाबांचे डोळे अर्धे मिटलेले होते. ती जवळ बसली, नखांच्या कडांत पांढरा रंग बसलेला तो हात तिने हातात घेतला.

"काय गं," बाबांनी विचारलं, "आज कशी आली काच?"

"छान आली, बाबा. एकही नाही फुटली."

"एकही नाही?"

"एकही नाही."

बाबांच्या ओठांवर हसू आलं. "वाटलंच मला," ते म्हणाले. "उद्या पुन्हा घे."