भात्यातला श्वास

मी एक जुनी पेटी आहे. मित्रांनो, कपडे ठेवायची नव्हे हं, वाजवायची! सागवानी अंग, पितळी सूर आणि पाठीशी चामड्याने सांधलेला भाता. मला घडवणारा कारागीर एकेक सूर कानाशी धरून घासायचा आणि तो मनासारखा लागला की स्वतःशीच "हं!" म्हणायचा. त्या "हं"ने मला फार बरे वाटायचे.

तिथून मी एका छोट्या चर्चमध्ये आले. गायनमंडळाचे मास्तर चाली बांधायचे आणि त्यांच्या पत्नी, शिवणाच्या बाई, मला वाजवत गायच्या. मास्तरांनी बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या अगदी शेवटच्या स्तुतिस्तोत्राला चाल लावली होती. त्यात रणशिंग होते, वीणा, डफ, बासरी, झांजा, सगळे होते. मी तेवढी नव्हते! मी मनातून खट्टू व्हायचे. पण "ज्याला ज्याला कंठ आहे, त्यानं देवाची स्तुती करावी" ही ओळ बाई अशी काही उचलायच्या, की मागे पेंगणारेही ताठ बसायचे. काय दिवस होते ते!

मास्तर देवाघरी गेले. पुढे बाईंच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज कायमचा गेला. उरली नुसती कुजबुज. मला मिटताना त्या म्हणाल्या, "कंठ असेल त्यानं गायचं. माझं संपलं." नंतर त्या उपासनेला दाराजवळ बसायच्या आणि गाणे सुरू झाले की उठून जायच्या. माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली. अंगावर मोडक्या खुर्च्या आल्या, भात्याला भेग पडली.

एकदा बाई त्या खोलीत चर्चचे पडदे शिवत होत्या. शेजारी पाळकसाहेबांची सून रविवारच्या वाचनासाठी बायबलमधले तेच स्तोत्र मोठ्याने घोकत होती, "ज्याला श्वास आहे, त्यानं..."

बाईंची सुई थांबली. "चुकलीस गं. कंठ."

"नाही हो मावशी. हे बघा ना, श्वासच आहे!"

बाईंनी पुस्तक डोळ्यांजवळ धरले आणि खांदे हलवत हसू लागल्या. "मास्तरांचाच उद्योग! 'श्वास' म्हटलं की सगळ्यांच्या तोंडून फुस्स होतं म्हणायचे. गुपचूप शब्द बदलला की हो!" हसता हसता त्या रडल्या. मग त्यांनी खुर्च्या बाजूला सारल्या आणि माझ्या भात्याला चामड्याचे ठिगळ लावले.

रविवारी त्या माझ्यासमोर बसल्या. सगळ्यांनी खरा शब्द गायला आणि चर्चभर एकदम फुस्स झाले. पोरे खिदळली. माझ्या ठिगळातूनही थोडी हवा निसटली. बाईंच्या ओठांतूनही तोच शब्द निघाला, आणि तो कुणापेक्षाही उणा नव्हता. गाणे संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

मित्रांनो, घरात जुनी पेटी असेल तर तिच्यावर सामान रचू नका, अधूनमधून भाता हलवत जा. आणि कुणाचा आवाज गेला असेल, तर गाताना त्याला आपल्या शेजारी बसवा.