कृष्णद्वीपाची शिरगणती

आपला स्वतःचा एक देश असावा, असं कुणाला वाटत नाही? पण वाटणं वेगळं आणि तो सांभाळणं वेगळं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते. त्यातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली संयोगिता वर्षभर एक देश चालवत होती. चहा-वड्याचे पैसे तिकडं जायचे, आणि घरी आई म्हणायची, पोरगी वाळायला लागली, कुणाची तरी नजर लागली असणार.

खेळ सगळा ईमेलवरचा. जगातली वीस-पंचवीस रिकामटेकडी माणसं (म्हणजे लोकांच्या मते रिकामटेकडी), प्रत्येकाचा मनानं रचलेला एकेक देश, आणि तह, व्यापार, लढाया, सगळं पत्रांतून. संयोगिताचा देश म्हणजे कृष्णद्वीप. नकाशा तिनं स्वतः काढलेला, नद्यांना, घाटांना, बंदरांना नावं तिनंच दिलेली. त्याला लागून समुद्रापलीकडं हळदभूमी, सांगलीच्या अवधूतची. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण मासेमारीवरून भांडण मात्र बांधाला बांध असल्यासारखं चालायचं.

आणि या सगळ्यांवर एक पंच होते. कॅनडातले निवृत्त भूगोलाचे मास्तर. माणूस सभ्य, पण आकड्यांच्या बाबतीत फार खवचट. नव्व्याण्णव सालची दिवाळी झाली आणि त्यांचं पत्र आलं, नेहमीसारखं सगळ्या खेळाडूंना. कृष्णद्वीपाची लोकसंख्या एक कोटी वीस लाख, त्यात फौज तीस लाख, हे वाचून मला हसू आवरेना, असं त्यांनी लिहिलं होतं. चारातला एक माणूस बंदूक घेऊन उभा राहिला तर नांगर कोण धरतो? पटेल असा कागद पुढच्या रविवारपर्यंत पाठवा, नाहीतर तुमचं बेट नकाशावरून काढून तिथं समुद्र दाखवावा लागेल.

समुद्र! वर्षभर उभारलेली बंदरं, घाट, नद्या, सगळं एका शब्दानं पाण्याखाली. वर अवधूतचं पत्र: "मासे मात्र आम्ही घेऊ हं." तिच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या दुपारच्या जेवणापर्यंत उतरल्या नाहीत.

कारण आकडा तिनं काही हवेत मारलेला नव्हता. रहिमतपूरच्या पुढं तिच्या मावशीचं गाव आहे, फौजींचं गाव. घराघरातून एक जण पलटणीत, काही घरांतून दोन. दरवर्षी चैत्रात यात्रेला संयोगिता जायची. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गावजेवण, आणि आवतण चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी गावात एकाही घरात चूल पेटवायची नाही. म्हातारं, तान्हं, सगळ्यांनी देवळापुढं पंगतीला यायचं. गाव मोजायला याहून बरी जागा कुठली? यंदाच्या यात्रेत तिनं वाढता वाढता पंगती मोजल्या होत्या. चार पानांमागं एक फौजी. तोच हिशेब तिनं उचलून देशाला लावला. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं असेल?

तेव्हा कॅनडातल्या मास्तरांना पुरावाच द्यायचा, असं ठरवून शुक्रवारी सकाळी तिनं रहिमतपूरची एस.टी. धरली, आणि तिथून पुढं वडापची, म्हणजे माणसं कोंबून नेणारी, जीप. कळवलं कुणालाच नाही. घरोघर जाऊन मोजायचं आणि परत यायचं, एवढाच बेत.

गावात उतरली आणि आधी तिला वाटलं, ड्रायव्हरनं चुकीच्या गावात उतरवलं. देवळापुढं कुत्रं झोपलेलं. पारावर चार म्हातारे. एका बाईच्या डोक्यावर वैरणीचा भारा, दुसरी पाठीवर औषधाचा पंप घेऊन शेताकडं चाललेली. यात्रेत जिथं लेझीम खेळणाऱ्यांची रेटारेटी असायची, पाय ठेवायला जागा नसायची, तिथं ऊन पसरलेलं होतं. मिलिटरी कट केलेलं एक डोकं दिसेल तर शपथ.

मावशी, चंद्राबाई, उसात पाणी पाजत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात खोरं. भाचीला बघितलं आणि खोरं टाकून बघतच राहिली.

"आगं, तू कशी काय? घरी समदी बरी हायती न्हवं?"

"बरी आहेत. सहज आले."

"सहज?" मावशी म्हणाली. "यात्रा न्हाई, लगीन न्हाई, आन सहज आलीस?"

संयोगितानं खाली पडलेलं खोरं उचलून दिलं. खरं म्हणजे तिला लाज वाटली. एवढ्या वर्षांत ती साध्या दिवशी या गावात एकदाही आली नव्हती. यात्रेचं गाव तेच गाव, असं धरून ती मोठी झाली होती.

घरी नाथाजी काका, मावशीचे यजमान, ओट्यावर बसलेले. पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेला माणूस, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. मावशीनं हातपाय धुऊन लगेच ताट वाढलं. आपण न सांगता आलो, आता ही बाई पुन्हा चूल पेटवणार, म्हणून संयोगिता संकोचली होती. पण टोपल्यात भाकरी तयार होती, चांगली टम्म फुगलेली. जेवताना तिनं देशाची सगळी कथा सांगितली. काकांनी मिशीतल्या मिशीत हसत ऐकून घेतली.

"म्हंजी समदा देश आपल्या गावावानी केलास म्हन की."

"हो. चुकलं का त्यात?"

"चुकलं कशापायी? फकस्त मला एक सांग. हितली पोरं तिकडं वर जात्यात, त्यांचा पगार समदा मुलूख भरतुया. तुज्या बेटावरची समदीच पलटणीत ग्येली, तर त्यास्नी पगार देनारा मुलूख कुठला?"

"आन पानी कोन पाजनार?" मावशी आतून म्हणाली.

संयोगिताला आता चूक दिसली. तिनं मोजलं होतं ते गाव वर्षातून दोन-चार दिवसच असतं. सगळे रजा जुळवून येतात, देवाला नारळ फोडतात, पंगतीला बसतात आणि पुन्हा पांगतात. त्या दिवसाचं गाव तिनं बारा महिन्यांचं धरलं, आणि वर त्यांना पोसायला दुसरा देशही ठेवला नाही. मास्तर खवचट होते, पण खरं बोलत होते.

संध्याकाळी पुन्हा भाकऱ्या झाल्या, आणि पुन्हा एक जास्त. संयोगितानं आधी लक्ष दिलं नाही. सकाळी बघते तर काका ताकात भाकरी कुस्करून खात होते, आणि तोंड असं की कुणी कारल्याचा रस पाजलाय.

"काका, ताजी होतेय की. शिळी कशाला?"

"इचार तुज्या मावशीला. रोज एक भाकरी उरती, रोज सकाळी मीच खातो. पलटणीत बी एवढा शिस्तीत न्हवतो."

"कुणाची उरते?"

मावशी पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "राजाची."

राजा म्हणजे राजवर्धन, तिचा एकुलता एक मुलगा. तो पलटणीबरोबर तिकडं सरहद्दीवर बर्फात. उन्हाळ्यात वर लढाई झाली, आणि दिवाळीला रजा मिळाली नाही.

"पण मावशी, तो तर इथं नाही."

"ठावं हाय की मला. मी काय येडी हाय व्हय? दोगांचंच घ्यावं म्हनते, पर पीठ घेताना हात थांबत न्हाई. घेतलं जातंय. आन घेतलं की करायचंच."

"काल दुपारी मी खाल्ली ती..."

"त्याचीच. बरं झालं, कुनीतरी ताजी खाल्ली." मावशी हसली, आणि हसता हसता तिनं पदरानं कपाळ पुसलं. कपाळच पुसलं, डोळे नाही; पण संयोगिताला एकदम रडू आलं आणि ती पाणी प्यायच्या निमित्तानं उठली.

शनिवारी ती परतली आणि तडक नाक्यावरच्या दुकानात जाऊन बसली. शेतं कोण बघतं, मुलं किती, म्हातारे किती, हे सगळं नव्यानं मांडलं. फौज तीस लाखांवरून एक लाखावर आली. काळजावर दगड ठेवूनच कापली, खोटं कशाला सांगा. हळदभूमीचं आरमार डोळ्यांपुढं दिसत होतं.

रविवारी पंचांचं उत्तर होतं. आकडे आता माणसांचे वाटतात. फक्त एक राहिलं. तुमच्या फौजेतले बरेच जण दूरच्या ठाण्यांवर वर्षानुवर्षं असतात. माणूस एकदाच मोजता येतो. ते ठाण्यावर मोजायचे की घरी? नियम असा की जिथं माणूस मोजाल, तिथल्या कोठारात त्याचं धान्य ठेवावं लागेल. ठाण्यावर ते मित्रदेशांच्या कोठारातून जेवतात, तेव्हा विचार करून कळवा. आजच.

अवधूतचंही पत्र होतं, आणि पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता. ठाण्यावर धर, त्यानं लिहिलं होतं, सगळे तसंच करतात. घरी धरलंस तर धान्य वाया, आणि तेवढं भरायला तुला दोन जहाजं विकावी लागतील. मग मासे राखणार कशानं?

सल्ला सरळ होता आणि खराही होता. संयोगितानं पंचांचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग तिनं लिहिलं: घरी मोजा.

पंच त्या वेळी बहुतेक जागेच असावेत, कारण उत्तर लगेच आलं. तुमच्या लक्षात येतंय ना, की ते धान्य खाणारं तिथं कुणी नसेल?

तिनं लिहिलं, "येतंय. ते सकाळी ताकात कुस्करून खातात."

पुढच्या नकाशात कृष्णद्वीप होतं. दोन जहाजं कमी होती.