झुलीवरचा हात

डॉक्टर शशिधर यांच्या मुलीचं, मंजिरीचं, बारसं झालं ते साल १९८४. बर्मिंगहॅमहून लोकल ट्रेनने यावं लागतं अशा एका लहानशा शहरात ते झालं, आणि त्याच एप्रिलमध्ये मला त्यांच्या घरी आणून पुढच्या खोलीत, पाळण्याशेजारी उभं केलं.

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. खराखुरा नव्हे. माझं डोकं ओकच्या लाकडाचं आहे. दोरी ओढली की जबडा वाजतो. अंग म्हणजे विलोच्या काड्यांचा सांगाडा, आणि त्यावरून जमिनीपर्यंत झूल सोडलेली असते. आत एक माणूस शिरतो आणि मला खांद्यावर घेऊन चालतो. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी शहराची मिरवणूक निघते, ती माझ्या मागून. हे किती शतकं चाललं आहे ते मला सांगता येणार नाही. माझं डोकं तीनदा नवं बसवलं आहे, आणि डोक्याबरोबर थोड्या आठवणीही जातात.

माझे दोन नियम आहेत. जुनी झूल कधी टाकून द्यायची नाही. विरली की तिच्यावरच नवं कापड शिवायचं. आणि आतल्या माणसाचं तोंड वाटेत कोणाला दिसता कामा नये. दिसलं तर घोडा मेला असं धरतात, आणि मिरवणूक तिथूनच मागे फिरते.

मला खांद्यावर घेई तो रेज, आणि माझी झूल शिवी ती त्याची बायको नोरा. पण संधिवाताने नोराची बोटं वाकडी झाली. तेव्हा तिने शेजारच्या प्रमोदिनीबाईंना, म्हणजे मंजिरीच्या आईला, विचारलं. मिरवणुकीच्या कमिटीतल्या एकदोघांनी नाकं मुरडली. "त्यांना आपल्या घोड्यातलं काय कळणार?" असं ते माझ्यासमोरच म्हणाले. "आधी तिचा टाका बघा, मग बोला," नोरा म्हणाली.

प्रमोदिनीबाईंनी माझी झूल पालथी केली, थरावरचे थर बोटांनी चाचपले आणि त्यांना हसू आलं. "अहो, ही तर गोधडी आहे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. साताऱ्याकडच्या मामीने शिकवलेला बारीक धावदोरा त्यांनी घातला. शेवटी माझ्या खांद्याजवळ, ठिगळाच्या आत, त्यांनी मूठभर तांदूळ शिवून टाकले. त्यांच्या मामीकडे गोधडीचं पोट रिकामं ठेवत नसत.

त्या मे महिन्यात माझं फार कौतुक झालं. मग मला चर्चच्या हॉलमागच्या कोठीत ठेवलं आणि दाराला कडी लागली.

हिवाळ्यात उंदीर आला. आधी पायाशी, मग काड्यांवरून वर. मला त्याचे दात ऐकू येत, पण माझा जबडा दोरी ओढल्याशिवाय हलत नाही. बाहेर पावलं वाजली की वाटे, आता दार उघडेल. ती पावलं हॉलमध्ये जात, चहाचे कप वाजत, आणि पावलं परत जात. एकेक थर संपत होता. मला माझी काळजी होतीच. पण ज्या बाईंनी इतक्या मायेने शिवलं, त्यांना लोक काय म्हणतील याची धास्ती जास्त होती.

मिरवणुकीच्या आठवड्यात मला बाहेर काढून डॉक्टरांच्या घरी आणलं. खांद्याखाली हातभर भगदाड, आणि त्यात उष्टे तांदूळ.

"कमिटीला सांग, कसर लागली," डॉक्टर म्हणाले. "कोणी चेक करायला येणार नाही."

"कसर तांदूळ खाते का, अहो?" बाई म्हणाल्या आणि तशाच नोराकडे गेल्या, झूल काखेत घेऊन. मी उघड्या सांगाड्याने खिडकीतून पाहत होतो. कुंपणापाशीच बोलणं झालं.

"तांदूळ मी घातले होते. पोटाला काहीतरी असावं म्हणून."

"हा घोडा आहे, प्रमोदिनी. तो भात खात नाही."

"आत माणूस असतो ना."

नोराने वाकड्या बोटांनी भगदाडाची कड चाचपली. मग म्हणाली, "यंदा तोंड दिसलं, तर पुढच्या वर्षी सुई दुसरीकडे जाईल. मी काही करू शकणार नाही."

बाईंनी आपलं मऊ सुती पातळ फाडून भगदाडावर घातलं. पण कडेचं कापड कुरतडलेलं होतं. ते टाका धरेना.

सोमवारी निघालो. बाजारचौकात वारा झुलीत शिरला आणि एक टाका उसवला. मग त्याच्या शेजारचा. "उजेड येतोय रे, म्हाताऱ्या," आतून रेज पुटपुटला. त्याला थांबता येत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं. पुढे दोन्ही बाजूंनी माणसं दाटीने उभी होती.

बाई फुटपाथवर बाबागाडी घेऊन उभ्या होत्या. "हिला धरा," म्हणत त्यांनी गाडी डॉक्टरांकडे ढकलली, रस्त्यावर उतरल्या आणि माझी उसवलेली कड मुठीत आवळून माझ्याबरोबर चालू लागल्या. साडीवर कोट, पायात जड बूट.

कमिटीतला एकजण धावत आला. "मॅडम, घोड्याला हात लावायचा नसतो."

"मग तुम्ही धरा," त्याच्याकडे न बघता बाई म्हणाल्या. त्याने धरलं नाही.

"मूठ सोडू नकोस," मागून नोरा ओरडली.

मिरवणूक संपते त्या फाटकापर्यंत त्यांनी मूठ सोडली नाही. रेजचं तोंड कोणाला दिसलं नाही. लोकांना वाटलं, ही पूर्वापार रीतच असेल. पुढच्या वर्षी माझी झूल धड होती, तरी मुलं विचारू लागली, "घोड्याची बाई कुठे आहे?" तेव्हापासून दर मे महिन्यात बाईंचा हात माझ्या खांद्यावर असे. तांदळाचं नोराने ठरवून टाकलं: सकाळी घालायचे, संध्याकाळी काढून पाखरांना टाकायचे.

मित्रांनो, जुनी वस्तू कडी लावून ठेवली की जपली असं होत नाही. मधूनमधून दार उघडा. हात लावून बघा. आम्हाला बोलावता येत नाही.

रेज १९९१ साली वारला. आता त्याचा भाचा मला उचलतो. गेल्या मे महिन्यात निघताना माझ्या खांद्यावर एक नवा हात आला. लहान, गार, आणि मूठ जरा जास्तच आवळलेली. तो मंजिरीचा होता. प्रमोदिनीबाई त्याच्या आदल्या महिन्यात, १९९८च्या एप्रिलमध्ये, वारल्या होत्या.