धाकटीनं आधी बोलायचं

आमच्या रंगाच्या कारखान्यात रोज सकाळी अकरा वाजता पाच माणसं एका टेबलाभोवती उभी राहायची. टेबल उत्तरेकडच्या खिडकीला चिकटून होतं, कारण तिथून ऊन कधी आत येत नसे, नुसता उजेड यायचा. टेबलावर दोन पत्रे ठेवलेले असत. एक गिऱ्हाइकानं पाठवलेला नमुना, दुसऱ्यावर आमच्या आदल्या दिवशीच्या घाण्यातला, म्हणजे एका खेपेला घोटलेल्या मालातला, रंग लावून वाळवलेला. दोन्ही जुळतात की नाही, एवढंच सांगायचं. पाचही जण 'जुळतो' म्हणाले की पिंपं बाहेर जायची. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी मास्तर दोनच शब्द बोलायचे, "मग थांबवा." का, कशावरून, तुला काय कळतं, असली उलटतपासणी नाही.

मास्तर आमचे रंग जुळवणारे. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. बोलण्याचा क्रम त्यांनीच घालून दिलेला होता: सगळ्यात नव्या माणसानं आधी बोलायचं, मास्तरांनी सगळ्यात शेवटी. मी एकविसाव्या वर्षी कामाला लागले तेव्हा साहजिकच धाकटी ठरले. ते नाव असं चिकटलं, की आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही पोरंसोरं मला 'धाकटीताई' म्हणतात. आता बोला!

पहिल्याच दिवशी मी हात झटकले होते. "मला काय कळतंय मास्तर, तुम्हीच सांगा ना."

"मी आधी तोंड उघडलं की बाकीच्यांची तोंडं फक्त जांभईला उरतात," मास्तर म्हणाले. "तू बोल. चुकलीस तर चुकलीस."

आणि मी चुकले. तिसऱ्या महिन्यात एका साध्या सायीच्या रंगाला मी छातीठोकपणे 'नाही' म्हटलं. बाकी चौघं 'जुळतो' म्हणाले, तरी घाणा थांबला. पुन्हा पत्रा रंगवला, वाळवला, आणि निघालं काय, तर रंग पहिल्यापासून बरोबरच होता. माझा चेहरा उतरला. पण मास्तरांनी मान हलवली आणि पिंपं सोडली, बस. यंत्रावरचे भाऊ तेवढं म्हणाले, "धाकटीच्या कृपेनं आज अर्धा दिवस पाय पसरून बसायला मिळालं." घरी जाऊन मी आईला सांगितलं, आज माझ्यामुळे कारखाना थांबला. आईला वाटलं, मी काहीतरी मोडून आले.

त्या टेबलाची मला अजून इतकी आठवण येते, की कधीकधी स्वतःचंच हसू येतं. लेबलवाल्या बाईंचा गोंदाचा वास, भाऊंचे कोपरापर्यंत रंगलेले हात, आणि गप्पीदास. हा गोदामवाला दिवसभरात चार शब्द बोलायचा, त्यातला एक 'जुळतो', म्हणून त्याला ते नाव. त्या दहा मिनिटांत आम्हा पाचांत कुणी लहान नव्हतं, कुणी मोठं नव्हतं. पुढे मी पुष्कळ बैठकांना बसले, चहाबिस्किटांसकट. पण माझ्या शब्दाला तसं वजन पुन्हा कुठेच आलं नाही.

माझ्यानंतर सहा वर्षं कुणी नवं लागलंच नाही. पहिलं बोलणं माझ्याच गळ्यात राहिलं. त्या सहाव्या वर्षी मास्तरांचे डोळे अधू व्हायला लागले.

मला कळलं ते एका डब्यावरून. त्यांनी निळ्या भुकटीचा डबा मागितला आणि मी दिल्यावर झाकणाकडे बघत म्हणाले, "हा हिरवा आहे गं." डबा निळाच होता. मी काही बोलले नाही. मग निळ्या रंगांचे घाणे किंचित चुकीचे येऊ लागले. अकराला दोन पत्रे समोर आले की मला फरक स्वच्छ दिसायचा. पण मास्तरांचं नोकरीचं शेवटचं दीड वर्ष राहिलं होतं. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, घरी दुसरं कुणी नाही. टेबलावरून उठवलं तर हा माणूस दिवसभर करणार काय? मी 'जुळतो' म्हणायचे. लेबलवाल्या बाई 'जुळतो'. भाऊ 'जुळतो'. गप्पीदास 'जुळतो'. मग मास्तर एक मोठा श्वास घेऊन 'जुळतो' म्हणायचे आणि पिंपं जायची. मला वाटायचं, बाकीच्यांना खरंच जुळलेला दिसतोय. त्यांनाही एकमेकांबद्दल तेच वाटत होतं, हे मागाहून समजलं. आमच्यातलं कुणी कुणाशी त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

तीन महिने हे निभावलं. मग एका शाळेच्या दारं-खिडक्यांचा आकाशी रंग परत आला. तळमजला आधीच्या घाण्यातला, वरचा मजला नव्या घाण्यातला. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसत होतं, की एका शाळेच्या दोन शाळा झाल्यात. मालक संतापून खाली आले. "हा पास केला कुणी?"

"आम्ही पाचांनी," मास्तर म्हणाले. मालक वर गेल्यावर त्यांनी त्या आकाशीचे दोन्ही पत्रे खिडकीत ठेवले. "नियमानं सांगा. ह्यांच्यात फरक आहे? धाकटी, बोल."

"आहे," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, आहे. भाऊ म्हणाले, आहे. गप्पीदासनं नुसती मान हलवली.

"आजच दिसला?"

पहिलं बोलणं माझं होतं, म्हणून मीच म्हटलं, "नाही मास्तर. त्याच दिवशी दिसला होता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले. "मला शंका होतीच," ते म्हणाले. "रोज अकराला तुमच्या तोंडाकडे बघायचो. तुम्ही 'जुळतो' म्हणालात की वाटायचं, चला, अजून दिसतंय आपल्याला. अगं, मी शेवटी बोलायचो ते काय मोठेपणा मिरवायला? तीन महिने तुमच्याच डोळ्यांनी बघत होतो मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मालकांना सांगून काम सोडलं. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चांगलं दिसायलाही लागलं म्हणे. पण ते परत आले नाहीत. मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरवायचे आणि तोंड कसं दाखवू म्हणून जात नसे. मग एके दिवशी जाण्याचं कारणच उरलं नाही. ह्याची रुखरुख मला आजही आहे, ती कमी झालेली नाही.

आता आमच्याकडे रंग मोजणारं यंत्र आहे. ते आकडा देतं, आणि साहेब लोकांचा आकड्यावर फार विश्वास. तरी अकराचं टेबल मी मोडू दिलं नाही. खिडकीही तीच आहे. फक्त शेवटी बोलायची जागा आता माझी.

गेल्या मंगळवारी टेबलावर एक फिकट निळा होता. यंत्राच्या आकड्यानं तो पास झाला होता. महिन्यापूर्वी लागलेली पोरगी, जिचा आवाज शेजारच्यालाही धड ऐकू येत नाही, ती म्हणाली, "जुळत नाही."

मी वाकून बघितलं. मला दोन्ही पत्रे अगदी जुळी भावंडं दिसत होती. मग बाकीच्या तिघांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे, आणि एकेक करून म्हणाले, "जुळतो." ती नजर मला ओळखीची होती.

खरं सांगते, आधी मला त्या पोरीचा राग आला. काल आलेली पोर, म्हटलं, आणि मला शिकवतेय. ती लाल झाली होती. पण शब्द काही मागे घेत नव्हती.

"मग थांबवा," मी म्हटलं.

तिघं खाली मान घालून निघून गेले. मी त्या पोरीला थांबवलं, खिडकीपाशी दोन स्टुलं ओढली आणि दोन्ही पत्रे तिच्या मांडीवर ठेवले.

"कुठला जास्त निळा आहे गं?" मी विचारलं. "नीट सांग. मला आता दिसत नाही."

ती सांगत गेली, आणि मी ऐकत राहिले.